ठोकळ्यामागचा वेक लांबतो, रेसिड्यूअल अडकतात: मेशला हात लावण्याआधी रिकामं डोमेन चालवा

जमिनीवर ठेवलेल्या ठोकळ्याभोवतीचा वारा सिम्युलेट करताना तीन तक्रारी हमखास येतात. ठोकळ्यामागचा वेक, म्हणजे आडोशाच्या संथ हवेचा पट्टा, प्रयोगात दिसतो त्यापेक्षा बराच लांब येतो. रेसिड्यूअल, म्हणजे समीकरणं अजून किती जुळायची राहिलीत ते सांगणारे आकडे, दहाच्या उणे तिसऱ्या घातापर्यंत उतरतात आणि तिथेच वरखाली नाचत राहतात. आणि छतावरचं शोषण, म्हणजे निगेटिव्ह प्रेशर, फारच मवाळ येतं. बहुतेक वेळा तिन्ही तक्रारी एकाच केसमध्ये असतात आणि तिन्हींवर एकच औषध केलं जातं: मेश, म्हणजे गणितासाठी जागेचे पाडलेले तुकडे (सेल), आणखी बारीक करा.

मी लातूरला शिकवतो. जानेवारी उजाडला की शेवटच्या वर्षाचे गट लॅपटॉप काखेत मारून येतात. यंदाच्या गटातली मुलगी टेबलावर चित्र उघडून म्हणाली, "सर, तीन दिवस झालं चालवायलोत, रेसिड्यूअल खाली यायलंच नाही. मेश बी चौपट केला." चित्रात ठोकळ्यामागे निळा पट्टा पसरला होता, ठोकळ्याच्या उंचीच्या तिप्पट लांब. सहा लाख सेलचे चोवीस लाख झाले होते आणि पट्टा जागचा हलला नव्हता. मेश चौपट करूनही उत्तर तसंच राहत असेल, तर त्याचा अर्थ साधा आहे: दुखणं मेशमध्ये नाही.

त्यांची केस आमच्या भागातली होती म्हणून मला जास्त जवळची वाटली. तीन मीटर लांब, तीन रुंद, तीन उंच, सपाट छताची खोली, रानात एकटी. जुनं माळवदाचं घर बघा, किंवा शेतातलं पत्र्याचं शेड बघा, वाऱ्याच्या नजरेतून दोन्ही ठोकळेच. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर जड माळवदाची धास्ती बसली आणि पत्रे वाढले. भिंत अंगावर पडायची भीती गेली, पण वळवाच्या वाऱ्यात छत उडायची भीती आली. त्यामुळे छतावरचं शोषण बरोबर येणं हा आमच्याकडे मार्कांपुरता प्रश्न नाही.

आधी रिकामं डोमेन

डोमेन म्हणजे ज्या हवेचं गणित करायचं ती पेटीसारखी जागा. तिच्यातून ठोकळा काढून टाका. मेश तोच, जमिनीलगतचे सेल तेवढेच, इनलेट (वारा आत येतो ती बाजू), वॉल फंक्शन (जमिनीलगतच्या वाऱ्याचं सूत्र), टर्ब्युलन्स मॉडेल (वाऱ्यातल्या खळबळीचं गणित) सगळं तेच, फक्त घर नाही. केस चालवा आणि तीन ठिकाणी उभ्या रेषेवर वेग आणि टर्ब्युलन्सची ऊर्जा, म्हणजे के, काढा: इनलेटवर, जिथे घराची समोरची भिंत येणार आहे तिथे, आणि आऊटलेटच्या जरा अलीकडे. तिन्ही आलेख एकावर एक ठेवा. सपाट, मोकळ्या रानावरून वाहणारा वारा पन्नास-साठ मीटरमध्ये बदलायला नको. आलेख एकमेकांवर बसले नाहीत, तर तुम्ही इनलेटला दिलेला वारा घरापर्यंत पोचतच नाही. घरावर आदळतो तो भलताच वारा, आणि तो कुठला हे तुम्हाला ठाऊक नाही.

त्या गटाने इनलेटला सगळ्या उंचीवर सरसकट ८ मीटर प्रतिसेकंद वेग आणि ५ टक्के टर्ब्युलन्स इंटेन्सिटी (सरासरी वेगाच्या मानाने वेगातले चढउतार) दिली होती. ५ टक्क्यांचा के निघतो ०.२४. आता रानातला खरा वारा बघू. मोकळ्या, आखूड गवताच्या जमिनीची खडबड लांबी, झेड-नॉट, साधारण ०.०३ मीटर धरतात. छताच्या उंचीला, म्हणजे ३ मीटरवर, ८ मीटर प्रतिसेकंद हवे असतील तर लॉग प्रोफाइलप्रमाणे (वेग उंचीच्या लॉगॅरिथमने वाढतो असं धरून) घर्षण वेग, यू-स्टार (जमीन वाऱ्याला किती अडवते त्याचं माप), ०.७१ येतो. रिचर्ड्स आणि हॉक्सी यांनी १९९३ मध्ये जी इनलेटची मांडणी दिली, तिच्यात के म्हणजे यू-स्टारचा वर्ग भागिले सी-म्यू या मॉडेलच्या स्थिरांकाचं वर्गमूळ. सी-म्यू ०.०९, त्याचं वर्गमूळ ०.३, म्हणून के आला १.६८. छताच्या उंचीला ही इंटेन्सिटी १३ टक्क्यांच्या आसपास जाते. ०.२४ कुठे आणि १.६८ कुठे! सातपट फरक. वाऱ्यात मुळात कालवाकालवच नसेल तर वेकच्या कडेची जोरदार हवा आतल्या संथ हवेत मिसळणार कशी? वेक लांबणारच. दुखणं ठोकळ्यामागे दिसत होतं, पण मूळ ठोकळ्याच्या पंधरा मीटर पुढे होतं.

ओपनफोम या सिम्युलेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये ही मांडणी तयार मिळते, अ‍ॅटमॉस्फेरिक बाउंडरी लेयरच्या इनलेट कंडिशन म्हणून. वेग, के आणि एप्सिलॉन (टर्ब्युलन्सची ऊर्जा विरण्याचा दर) तिन्ही एकाच यू-स्टार आणि झेड-नॉटवरून द्या. वेग लॉग प्रोफाइलचा आणि के मात्र अंदाजाने ठोकून दिलेला, असं अर्धवट करू नका. दोन्ही एकमेकांशी जुळत नाहीत आणि पहिल्या दहा मीटरमध्येच प्रोफाइल मोडतं.

इनलेट सुधारून रिकामं डोमेन पुन्हा चालवलं, तरी आलेख बसले नाहीत. घराच्या जागी जमिनीलगतचा वारा इनलेटपेक्षा जोरात पळत होता. कारण इनलेटच्या वाऱ्याला वाटत होतं खाली गवताळ रान आहे, आणि प्रत्यक्षात खाली गुळगुळीत फरशी होती: वॉल फंक्शन स्मूथ ठेवलेलं. रानाचा वारा फरशीवर आला की खाली वेग घेतो. ही चूक फार सार्वत्रिक आहे, मी स्वतः दोन वर्षं करत होतो.

म्हणून जमीन खडबडीत करायची. इथे खरा खड्डा आहे, जरा थांबून वाचा. काही सॉल्व्हरमध्ये, म्हणजे हे गणित सोडवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, फ्लुएंट त्यातलंच, जमिनीचा खडबडीतपणा झेड-नॉटमध्ये देता येत नाही. वाळूच्या दाण्याच्या आकारासारखी एक लांबी, केएस, द्यावी लागते. ब्लॉकेन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दोन्हींचा हिशोब मांडला: केएस म्हणजे ९.७९३ गुणिले झेड-नॉट, भागिले रफनेस कॉन्स्टंट. कॉन्स्टंट ठरलेला ०.५ ठेवला तर आपल्या ०.०३ ला केएस येतो ०.५९ मीटर. आणि अट अशी की जमिनीलगतच्या पहिल्या सेलचा मध्य केएसच्या वर हवा. म्हणजे पहिला सेल किमान १.१८ मीटर उंच. घर तीन मीटरचं! अख्ख्या भिंतीच्या उंचीला अडीच सेल. मेश बारीक करायला जाल तर अट मोडते, आणि काही आवृत्त्यांत सॉल्व्हर काहीही न बोलता केएस कापून सेलच्या मध्याएवढा करतो. तुम्हाला वाटतं जमीन खडबडीत आहे, आणि ती हळूहळू गुळगुळीत होत गेलेली असते. मेश जितका बारीक, तितकी गुळगुळीत. चौपट मेशने काही सुधारत नाही, उलट बिघडतं, त्यातलं एक कारण हे.

यातून वाट अशी: झेड-नॉट थेट घेणारं वॉल फंक्शन वापरा. ओपनफोममध्ये अ‍ॅटमॉस्फेरिक रफ वॉल फंक्शन आहे, त्यात केएसची भानगड येत नाही. पहिला सेल झेड-नॉटपेक्षा पुरेसा मोठा असला की भागतं. हे नसेल तर घराच्या जवळची थोडी जमीन गुळगुळीत आणि बारीक ठेवा, तिच्या पुढची जमीन खडबडीत आणि जाड सेलची ठेवा. दुसरा मार्ग तडजोडीचा आहे, पण इनलेटपासून घरापर्यंतचं अंतर कमी ठेवलं तर चालून जातो.

डोमेनच्या छताकडेही बघा. वर नुसती स्लिप किंवा सिमेट्री (घर्षण नसलेली सीमा) लावली तर वाऱ्याला वरून ओढणारं काही उरत नाही, खाली मात्र जमीन त्याला सतत अडवते, आणि प्रोफाइल सावकाश ढासळतं. वरच्या सीमेवर घनता गुणिले यू-स्टारचा वर्ग एवढा शिअर स्ट्रेस द्या, किंवा इनलेटच्या त्या उंचीच्या किमती तशाच ठेवा. स्टँडर्ड के-एप्सिलॉन हे टर्ब्युलन्स मॉडेल वापरत असाल आणि लॉग प्रोफाइलमधला कार्मनचा स्थिरांक ०.४१ धरला असेल, तर एप्सिलॉनच्या समीकरणातला सिग्मा हा स्थिरांक १.३ ऐवजी १.१७ केला की रिकाम्या डोमेनमधला के आणखी सरळ राहतो. हे एवढं सगळं केल्यावर तीन आलेख एकमेकांवर बसले. त्या मुलीने आलेखावर बोट ठेवून विचारलं, "आता घर ठेवू का सर?" आता ठेव.

डोमेनचं माप पटकन सांगतो. घराची उंची एच म्हणा. पुढे ५ एच, दोन्ही बाजूंना ५ एच, घराच्या वर ५ एच, मागे १५ एच. आपल्या घराला हे डोमेन ६३ मीटर लांब, ३३ रुंद, १८ उंच. समोरून घर किती जागा अडवतं ते काढा: ९ भागिले ५९४, दीड टक्का. तीन टक्क्यांच्या आत असलं की पुरे.

रेसिड्यूअल नाचतात तेव्हा

ठोकळ्यामागे वारा स्थिर नसतोच. आलटून पालटून दोन्ही बाजूंनी भोवरे सुटतात. अशा ठोकळ्याला स्ट्रूहल नंबर (भोवरे किती भरभर सुटतात ते सांगणारा आकडा) साधारण ०.१ ते ०.१५, म्हणजे आपल्या घरामागे अडीच ते पावणेचार सेकंदांनी एक फेरा पुरा होतो. असं प्रकरण स्टेडी सॉल्व्हरला, म्हणजे प्रवाह वेळेनुसार बदलत नाही असं धरणाऱ्याला, दिलं तर तो एका उत्तरावर कसा थांबेल? त्याला दोन-तीन उत्तरं आलटून पालटून दिसतात आणि रेसिड्यूअल नाचतात.

ही खरी हालचाल आहे की मेशचा आजार, हे ओळखायला घरामागे १ एच अंतरावर, भिंतीच्या निम्म्या उंचीला एक प्रोब, म्हणजे नोंद घेणारा बिंदू, लावा आणि आडवा वेग इटरेशनगणिक (गणिताच्या प्रत्येक फेरीला) काढा. ठरावीक ताल धरून एका सरासरीभोवती डोलत असेल तर तो प्रवाहाचा स्वभाव आहे. शेवटच्या दोन-तीन हजार इटरेशनची सरासरी घ्या, किंवा थेट अनस्टेडी, म्हणजे वेळेनुसार, चालवा. ताल नसेल आणि किंमत भरकटत एका बाजूला जात असेल, तर चेकमेश हे मेश तपासणारं साधन उघडा आणि कडेचे वाकडे सेल शोधा.

मुलं इथे एक उपाय करतात, तो करू नका. फर्स्ट ऑर्डर अपविंड ही गणिताची ढोबळ स्कीम लावतात आणि रेसिड्यूअल सुतासारखे सरळ खाली जातात. ती शांतता खोट्या चिकटपणाची असते. स्कीमने भोवरेच पुसून टाकलेले असतात. अपविंडवर सुरुवात करा, हजारभर इटरेशननंतर सेकंड ऑर्डरवर या, आणि निष्कर्ष तिथलेच घ्या.

दुसरा प्रकार त्याहून सहज फसवतो. सेल वाचवायला घर मधोमध कापतात आणि सिमेट्री प्लेन लावतात. घर सममित आहे, सरासरी प्रवाहही सममित आहे, पण क्षणाक्षणाचा प्रवाह नाही. मधोमध भिंत उभी केली की डावीकडचा भोवरा उजवीकडे जाऊ शकत नाही आणि सुटणंच बंद होतं. अनस्टेडी चालवायचं असेल तर पूर्ण घर घ्या.

वेकची लांबी

इनलेट नीट केल्यावर त्या गटाचा वेक तीन एचवरून सव्वादोन एचच्या आसपास आला. ते खूश झाले, पण प्रयोगाशी अजून मेळ नव्हता. उरलेली चूक टर्ब्युलन्स मॉडेलची आहे आणि तिला मेशने किंवा इनलेटने उतार पडत नाही.

यासाठी जगभर वापरली जाणारी कसोटी म्हणजे मार्टिनुझ्झी आणि ट्रोपिया यांचा १९९३ चा प्रयोग: एच उंचीचा ठोकळा, २ एच उंचीच्या चॅनेलमध्ये, रेनॉल्ड्स नंबर (वेग आणि आकार प्रवाहाच्या चिकटपणाशी ताडणारा आकडा) ४०,०००. ठोकळ्यामागे प्रवाह १.६१ एच अंतरावर पुन्हा जमिनीला टेकतो. रोडी यांनी १९९७ मध्ये निरनिराळ्या मॉडेलांचे निकाल शेजारी शेजारी मांडले. स्टँडर्ड के-एप्सिलॉनचं अंतर २.१८ एच आलं. काटो-लाँडर दुरुस्ती लावल्यावर ते कमी होण्याऐवजी २.७ एचच्या पुढे गेलं. लार्ज एडी सिम्युलेशन, म्हणजे मोठे भोवरे थेट सोडवणारी पद्धत, १.४ ते १.७ च्या दरम्यान, म्हणजे प्रयोगाच्या आगेमागे.

दुरुस्तीने उत्तर बिघडावं, हे वाचून मुलं गोंधळतात. ते असं होतं. समोरच्या भिंतीवर वारा आदळतो तिथे हवा दाबली जाते, ताणली जाते, पण फिरत नाही. स्टँडर्ड मॉडेल टर्ब्युलन्सचं उत्पादन ताणाच्या वर्गावरून काढतं, त्यामुळे तिथे के अवाच्या सवा फुगतो. हा फुगलेला के छतावरून वाहत जातो आणि छतावर प्रवाह सुटायला हवा तिथे त्याला चिकटवून ठेवतो. काटो आणि लाँडर यांनी ताणाचा एक घटक काढून तिथे फिरण्याचा घटक घातला. आदळण्याच्या जागी फिरणं शून्य, म्हणून खोटं उत्पादन थांबलं. छत सुधारलं. पण तोच खोटा के मागे वेकमध्ये थोडं मिश्रण करत होता, तेही गेलं. खरं मिश्रण सुटणाऱ्या भोवऱ्यांनी व्हायला हवं, आणि ते स्टेडी सॉल्व्हरमध्ये नाहीतच. एक चूक दुसरीला झाकत होती; पहिली काढली की दुसरी उघडी पडली.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. छताच्या शोषणाचा ढोबळ अंदाज हवा असेल तर के-ओमेगा एसएसटी हे दुसरं मॉडेल किंवा काटो-लाँडर लावलेलं के-एप्सिलॉन घ्या आणि वेकच्या लांबीबद्दल काही दावा करू नका. वेक महत्त्वाचा असेल, उदाहरणार्थ मागच्या गोठ्यात हवा कितपत पोचते हे बघायचं असेल, तर लार्ज एडीला पर्याय नाही. मोकळ्या रानातल्या घराला १.६१ हा आकडाही थेट लावू नका. तो चॅनेलमधल्या ठोकळ्याचा आहे, समोरून येणारा वारा निराळा असला की अंतर बदलतं. आधी तोच प्रयोग सिम्युलेट करून मॉडेल तपासा, मग आपलं घर चालवा. टोकदार कडांच्या ठोकळ्यावर प्रवाह कडेवरच सुटतो, म्हणून ४०,००० आणि आपल्या १६ लाख रेनॉल्ड्स नंबरमधला फरक एवढा आड येत नाही. पण कड टोकदारच राहायला हवी: ओपनफोमच्या स्नॅपीहेक्समेश या मेश बनवणाऱ्या साधनाने कोपरा किंचित गोल केला की प्रवाह सुटण्याची जागा सरकते. सरळ ठोकळ्याला ब्लॉकमेशच बरा.

लार्ज एडीला इनलेटवर नुसतं सरासरी प्रोफाइल देऊन चालत नाही, वाऱ्यात प्रत्यक्ष चढउतार हवेत. ओपनफोममध्ये त्यासाठी कृत्रिम भोवरे सोडणारं इनलेट आहे. लहान भोवऱ्यांचा हिशोब ठेवणारा स्मॅगोरिन्स्की स्थिरांक ०.१ च्या जवळ ठेवा. कडेपाशी १० सेंटिमीटरचे सेल असतील तर कूरांट नंबर (एका टाइम स्टेपमध्ये हवा किती सेल ओलांडते) एकच्या आत ठेवायला टाइम स्टेप ०.००९ सेकंदाच्या आसपास लागेल. सुरुवातीचे वीस सेकंद टाकून द्या आणि पुढचे किमान शंभर सेकंद सरासरीला घ्या, म्हणजे तीसेक फेरे मिळतात. आमच्याकडे मध्येच लाइट जाते, म्हणून दर पाच सेकंदांच्या प्रवाहाला फाइल लिहायला लावा. रन शून्यापासून सुरू करायची पाळी येत नाही.

छताचा कोपरा

शेवटी ज्यासाठी हे सगळं. वाऱ्याचा भार काढण्याच्या भारतीय मानकात, आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागात, औरंगाबादचा, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचा, मूळ वेग ३९ मीटर प्रतिसेकंद दिला आहे. बाकीचे घटक बाजूला ठेवले तर दाब ०.६ गुणिले वेगाचा वर्ग, म्हणजे चौरस मीटरला सुमारे ९१३ न्यूटन. प्रेशर कोएफिशियंट (या दाबाच्या किती पट दाब छतावर येतो; उणे म्हणजे शोषण) उणे एक असला तरी पत्र्याच्या प्रत्येक चौरस मीटरला ९३ किलोची वर ओढ बसते. अर्ध्या मिलिमीटरच्या पत्र्याचं वजन चौरस मीटरला चार-पाच किलो. शेडची समोरची बाजू उघडी असेल तर आत शिरलेला वारा खालून आणखी ढकलतो. पत्र्यावर ठेवलेले चार दगड आणि गंजलेले जे-हुक कशाच्या विरुद्ध उभे आहेत ते या आकड्यांवरून दिसतं.

आणि सगळ्यात आधी पत्रा उचकटतो तो कोपऱ्याचा. वारा भिंतीला काटकोनात न येता तिरका, ४५ अंशांच्या आसपास आला की छताच्या दोन्ही कडांवरून शंकूच्या आकाराचे दोन भोवरे निघतात आणि कोपऱ्यापाशी शोषण छताच्या मध्यापेक्षा कितीतरी जास्त होतं. सरळ वाऱ्याची एकच केस चालवून छताची सरासरी काढली तर हा कोपरा आकड्यांत दिसतच नाही. त्या गटाला मी घर ४५ अंशांत फिरवून, रिकाम्या डोमेनचं इनलेट तसंच ठेवून, कोपऱ्यावर अर्ध्या-अर्ध्या मीटरवर नऊ प्रोब लावायला सांगितलं. डोमेन फिरवायचं नाही, घर फिरवायचं. म्हणजे इनलेट पुन्हा तपासावं लागत नाही. फिरवल्यावर घर समोरून ४.२४ मीटर रुंद दिसतं, अडवलेली जागा २.१ टक्के होते, तेवढं चालतं. सध्या तो रन लागलेला आहे, पहिले चाळीस सेकंद पुरे झालेत.